आईला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा म्हणतोय भाऊ. एका घरात तीन मंडळ्या (चर्च), कसं निभवायचं?

नगरकरीण (पुणे):

सगळ्यांना सलाम. आमच्या नगरकडच्या ख्रिस्ती माणसांत भेटल्यावर असंच म्हणतात, नवीन लोकांनी बिचकू नये.

मोठं लिहितेय. तुकड्यातुकड्याने सांगितलं तर कुणाचा तरी पक्ष घेतल्यासारखं होईल.

माहेर नगरचं. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय. पणजोबांपासून आम्ही अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, म्हणजे पुढे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया). पप्पा शाळेत मास्तर, मंडळीत खजिनदार, आणि रविवारी पेटीवर तेच. रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं त्यांना पुस्तक न उघडता यायची. दीड वर्षापूर्वी ते गेले.

सासर श्रीरामपूरकडचं, पक्कं कॅथलिक. सासूबाई सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीला (मरीयेच्या यात्रेला) गेल्या नाहीत असं वर्ष मी पाहिलं नाही. आमच्या लग्नाला बिशपांची परवानगी लागली. मुलांचा बाप्तिस्मा कॅथलिक व्हावा म्हणून आपल्याकडून होईल ते करीन, असं नवऱ्याने लिहून दिलं. माझ्याकडून सही घेतली नाही, फक्त त्याने काय लिहून दिलंय ते मला समजावून सांगितलं. पप्पांना ते टोचलं होतं. पण "पाणी तेच, नाव तेच" एवढं म्हणून त्यांनी विषय मिटवला आणि दोन्ही नातवंडांच्या बाप्तिस्म्याला पहिल्या बाकावर बसले.

आता धाकटा भाऊ. तो नगरलाच असतो, आई त्याच्याकडे. पप्पा होते तेव्हापासून तो एका स्वतंत्र सभेत जातो. एमआयडीसीकडे पत्र्याच्या शेडमध्ये भरते. ड्रम, की-बोर्ड, अन्य भाषा (आत्म्याच्या भरात अनोळखी भाषेत प्रार्थना), सगळं. तिथे जायला लागल्यापासून त्याची दारू सुटली, ते एक बरं झालं. पण घरात आता प्रत्येक गोष्टीवर शिक्का बसतो. पप्पांच्या फोटोला हार घातला तर ती मूर्तिपूजा. भावजयीने मंगळसूत्र काढून ठेवलं, आणि त्यात पदक म्हणून क्रूसच होता हो! मंडळीतला नाताळचा कार्यक्रम म्हणजे जगिक, म्हणजे देवाचा नाही, जगाचा.

गेल्या नाताळात आम्ही सगळे नगरला. सासूबाई पहिल्यांदाच आल्या होत्या, मीच आग्रह केला होता. करंज्या, चिवडा, चकल्या, मटण, सगळं झालेलं. पानं वाढली, भावाने प्रार्थना केली. लांबलचक केली, ते चालायचंच. शेवटी नवऱ्याने आणि सासूबाईंनी सवयीने क्रुसाची खूण केली. भावजय उठली आणि आपल्या पोरांना आतल्या खोलीत घेऊन गेली. मग भाऊ सासूबाईंकडे वळून म्हणाला, "मावशी, राग मानू नका, पण मरीया तुमचं काही ऐकू शकत नाही. ती मेलेली आहे." सासूबाई काही बोलल्या नाहीत. पानातला भात नीट गोळा करून संपवला, कारण अन्न टाकत नाहीत. हात धुतले आणि मला म्हणाल्या, "माझी पिशवी कुठे ठेवलीस?"

त्यानंतर त्या नगरचं नाव काढत नाहीत. नवराही काढत नाही, आणि त्याचं न बोलणं मला जास्त जड जातं.

आता खरा प्रश्न. भावाचं म्हणणं की आईचा बाप्तिस्मा झालेलाच नाही. तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडलं त्याला बाप्तिस्मा म्हणत नाहीत, आधी विश्वास आणि मग पाण्यात बुडून बाप्तिस्मा, असं त्याच्या पाळकाने (पास्टरने) शिकवलंय. मुळा धरणावर नेऊन देणार आहेत, नाताळच्या आधी. आई मला फोनवर म्हणते, "माझा झालाय गं, किती वेळा घ्यायचा?" आणि त्याला म्हणते, "बघू रे." दोघांनाही वाटतं आई आपल्या बाजूची आहे.

त्याहून काळजीच्या दोन गोष्टी. आईला साखर आहे, बरीच वर्षं. मध्ये सभेतल्या कुणी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सांगितलं, बरी झालीस, आता गोळी घेणं म्हणजे शंका घेणं. मी गेले तेव्हा डब्यात बघितलं तर महिन्याभराची पाकिटं तशीच. आईला विचारलं तर म्हणाली, "एक दिवसाआड घेते, त्याला सांगू नकोस." दुसरं, पप्पांच्या मागे तिला जी पेन्शन मिळते तिचं एटीएम कार्ड भावाकडे असतं आणि दशांश (सभेला द्यायचा उत्पन्नाचा दहावा भाग) त्यातून जातो. किती जातो ते मला माहीत नाही.

भांडायचं नाही असं ठरवून मी आजवर गप्प बसले. पण गप्प बसून हे वाढतच चाललंय. बायबलमधली वचनं दाखवून त्याला गप्प करायचं तर त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. काय करू?


कुपारी_काका (वसई):

जय ख्रिस्त, ताई.

तुमच्या सासूबाईंनी पान संपवलं, तिथेच त्यांनी तुमच्या भावाला उत्तर दिलं. तो ते समजला नाही हा भाग वेगळा.

आमच्याकडेही हे झालंय. माझ्या बहिणीचा मुलगा 'बिलिव्हर' झाला, म्हणजे तुमच्या भावासारख्या सभेत जाऊ लागला. आजीच्या अंत्यविधीला चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही, मिस्सा (आमची उपासना) संपेपर्यंत बाहेर कंपाउंडमध्ये उन्हात उभा होता. माझे मेव्हणे त्याला ओढून आत आणायला निघाले होते, मी हाताला धरून थांबवलं. पुढे दफनभूमीत तो आला, सगळ्यांबरोबर मूठभर माती टाकली, पेटी उतरवायला खांदाही त्यानेच दिला. आज येतो-जातो. त्या दिवशी ओढाओढ झाली असती तर आला नसता.

जेवणाच्या वेळची एक रीत आम्ही लावून घेतली आहे. ज्याचं घर त्याची प्रार्थना. पाहुण्याने आपली खूण करायची ती करावी, नसेल करायची तर हात बांधून उभं राहावं, आणि कुणी कुणाकडे बघू नये. सगळे जमलेले असतील तर प्रभूची प्रार्थना म्हणतो, कारण ती प्रत्येकाला पाठ असते. आम्ही 'वाईटापासून सोडव' पाशी थांबतो आणि भाचा एकटा पुढचं 'राज्य, सामर्थ्य, गौरव' म्हणतो. आता तर त्याचं संपेपर्यंत आम्ही 'आमेन' धरून ठेवतो.

मरीयेवरून वाद पानावर घालू नका. वेगळा बसून विचारलाच तर सांगा की कॅथलिक मरीयेची आराधना करत नाहीत, ती देवाचीच. तिला आम्ही आमच्यासाठी विनंती करायला सांगतो, जसे तुमचे लोक एकमेकांना 'माझ्यासाठी प्रार्थना करा' म्हणतात. तो म्हणेल ती मेलेली आहे. आमचं म्हणणं, ख्रिस्तात मेलेले जिवंत आहेत. यापुढे त्याची आणि आमची वाट वेगळी, आणि ते पाचशे वर्षांत मोठमोठ्यांना सुटलेलं नाही. नाताळच्या मटणावर सुटणार नाही.

गोळ्यांचं मात्र वेगळं. तिथे थांबायचं नाही.


विश्वासी_बहीण (छत्रपती संभाजीनगर):

प्रेज द लॉर्ड, ताई. मी तुमच्या भावासारखीच आहे, म्हणजे मेथडिस्ट घरातून सभेत गेलेली. त्यामुळे माझं थोडं कडू लागेल.

तुम्ही एवढं लिहिलंत, त्यात "दारू सुटली, ते एक बरं झालं" एवढी एक ओळ. ताई, ज्या घरात दारू असते त्या घराला विचारा ही ओळ केवढी आहे ते. माझा नवरा प्यायचा तेव्हा आमच्या जुन्या मंडळीतले लोक रविवारी हात मिळवायचे आणि पाठ फिरली की बोलायचे. सभेतले दोन भाऊ रात्री अकराला यायचे आणि त्याची तडफड थांबेपर्यंत बसायचे. काही उपदेश नाही, नुसते बसायचे, कधी गायचे. त्या पत्र्याच्या शेडला कुणी हसलं की मला राग येतो तो यामुळे. तुमच्या भावालाही तसाच येत असणार. त्याचं आयुष्य जिथे वाचलं तिथे तो आईला न्यायला बघतोय. ढकलतोय, हे खरं. पण तुम्हाला हरवायला नाही.

आता त्याच्या विरुद्धचं. आमच्या शिकवणीत बाप्तिस्मा विश्वासणाऱ्याचा, म्हणजे ज्याचा त्याने मागून घ्यायचा. स्वतःच्या तोंडाने साक्ष द्यायची, मग पाणी. आई मुलाच्या मनासाठी धरणात उतरली तर त्याला काय म्हणायचं? तान्ह्या बाळाला विचारलं नव्हतं म्हणून तो खरा नाही म्हणता, मग सत्तरीच्या बाईला न विचारता दिलेला कसा खरा? हे त्याला त्याच्याच शिकवणीतून विचारा. वचनांची लढाई करायची गरजच नाही. त्याचा पाळक प्रामाणिक असेल तर आधी आईशी एकटीशी बोलेल, मुलगा-सून बाहेर ठेवून. आमच्याकडे तसंच करतात, आणि मनापासून नसेल तर परत पाठवतात.

गोळ्या बंद करायला सांगणं चूक. आम्ही आरोग्यासाठी प्रार्थना करतो, बरे झालेले पाहिलेही आहेत. पण आमचे पाळक सांगतात की बरं झालं असेल तर डॉक्टरच्या रिपोर्टात दिसेल, जा तपासून ये. देवाने बरं केलं असेल तर रक्त तपासायला कशाला भ्यायचं?

आणि भावजयीने मंगळसूत्र काढलं त्यावर बोलू नका. ते तिचं आहे.


निवृत्त_पाळक (नाशिक):

सलाम, बाई. पाळक म्हणून बरीच वर्षं मंडळ्या सांभाळल्या, त्यामुळे नियमाचं आणि व्यवहाराचं दोन्ही सांगतो. बहिणीने वर जे लिहिलंय त्याच्यावर चढ मी काही लिहू शकणार नाही, तरी.

पहिलं, तुमच्या भावाला एक गोष्ट बहुधा माहीत नसेल. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सीएनआय झाली तेव्हा सहा मंडळ्या एकत्र आल्या, आणि त्यांत बॅप्टिस्ट आणि ब्रदरन होते. ते लोक बाळांना बाप्तिस्मा देत नव्हते. हा प्रश्न समोर ठेवूनच एकी केली. बाळाचा बाप्तिस्मा आणि समजत्या वयातला बाप्तिस्मा, दोन्ही रीती आमच्या घटनेत मान्य आहेत. बाळाला आधी समर्पण करायचं आणि मोठं झाल्यावर त्याने स्वतः बाप्तिस्मा घ्यायचा, असंही चालतं. चालत नाही ते एकाच माणसाला दोनदा. इफिसकरांस पत्रात 'एक प्रभू, एक विश्वास, एक बाप्तिस्मा' आहे तो आधार. कॅथलिकांचंही तेच. पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा या नावाने झालेला आपला बाप्तिस्मा ते खरा धरतात. तुमच्या लग्नाच्या वेळी तुम्हाला कुणी पुन्हा पाणी दिलं नाही, आठवतंय ना? तुमचे पप्पा 'पाणी तेच, नाव तेच' म्हणाले ते जुन्या माणसाचं समाधान नव्हतं, चांगली धर्मशिकवण होती.

याने भाऊ गप्प बसेल असं नाही. त्याच्या दृष्टीने पहिला झालाच नाही, त्यामुळे दुसराही नाही. ते त्याचं तर्काला धरूनच आहे. पण आई आजवर ज्या मंडळीत प्रभुभोजन घेत आली ती मंडळी भोळ्या लोकांची नाही, एवढं त्याला कळावं.

दुसरं, उलट बाजूने तुम्हालाही. हे ड्रमवालं, अन्य भाषांचं ख्रिस्तीपण काल-परवा बाहेरून आलं असं आपल्या जुन्या मंडळ्यांत बोलतात. १९०५ साली आपल्या पुणे जिल्ह्यात, केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली रात्र-रात्र रडत, मोठ्याने प्रार्थना करत होत्या, पुढे अन्य भाषांतही. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या ज्या सभांपासून पेंटेकॉस्टल, म्हणजे तुमच्या भावासारख्या सभांचे लोक आपला इतिहास मोजतात त्या १९०६ च्या. आणि रमाबाईंचा स्वतःचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात अँग्लिकन मंडळीत झालेला. तिथल्या ज्या भगिनी त्यांना धर्म शिकवत होत्या त्यांच्याशी त्यांनी पत्रांतून वर्षानुवर्षं वाद घातला. मी कुठल्या पंथाची हे दुसऱ्याने सांगायचं नाही, असा त्यांचा बाणा. भावाला ही हकिगत सांगा, त्याला आवडेल. आपली बहीण आपल्या सभेला हसत नाही हे कळायला असं काहीतरी लागतं.

टिळकांचं तर तुमच्या नगरचंच. १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घेतला नाही. ताटातूट झाली, मग एकत्र राहिली, पण लक्ष्मीबाई स्वतःचं सोवळं सांभाळून राहिल्या, आणि त्यांचा बाप्तिस्मा त्यांना स्वतःला पटला तेव्हा झाला. पुढे १९१७ मध्ये टिळक मिशनमधूनही बाहेर पडले आणि 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले दोन्ही. ज्यांची भजनं तुमचे पप्पा वाजवायचे ते स्वतः असे चौकटीबाहेरचे होते.

तिसरं, गोळ्या. इथे वचनं काढायला हरकत नाही, कारण ती थोडी आणि सरळ आहेत. लूक वैद्य होता, पौल त्याला 'प्रिय वैद्य' म्हणतो, आणि त्याला धंदा सोडायला सांगितल्याचं कुठे नाही. तीमथ्याला पौलाने पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं, नुसती प्रार्थना कर म्हणाला नाही. हिज्कीया राजा मरायला टेकला तेव्हा देवाने आयुष्य वाढवल्याचा निरोप यशयाने आणला, आणि त्याच यशयाने गळवावर अंजिराचं पोटीस बांधायला लावलं. बायबलातल्या '२ राजे' या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात आहे. पण बाई, वचनांच्या आधी आईंना घेऊन डॉक्टरकडे जा. एक दिवसाआड गोळी हे साखरेच्या माणसाला परवडत नाही. हा पंथाचा मतभेद समजू नका, आणि यात भावाच्या परवानगीची वाट बघू नका.

पेन्शनचं: आईंना स्वतःहून द्यायचं असेल तर त्यांचा हक्क. पण मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान' म्हणून आई-बापाचा वाटा देवाच्या नावावर करणाऱ्यांना येशू काय बोलला ते भावाला वाचायला द्या. टीका न करता नुसतं वाचायला द्या.

शेवटचं, जे कुणी आधी बोलत नाही आणि मग दारात प्रेत ठेवून भांडतात. मी हे पाहिलंय. मुलगा म्हणतो आमचे पाळक करतील, मुलगी म्हणते मंडळीतून न्यायचं, आणि दफनभूमी कमिटीच्या हातात. आईंना पप्पांच्या शेजारी जागा हवी असणार. काही ठिकाणी दुसरीकडे बाप्तिस्मा घेतला की मंडळीच्या यादीतून नाव कमी करतात आणि दफनाच्या वेळी कमिटी अडून बसते. तुमच्याकडे काय नियम आहे तो तुमच्या पाळकांना आत्ताच विचारा, आणि आईंची इच्छा त्यांच्या हाताने कागदावर घ्या, दोन्ही मुलांच्या देखत. याला अशुभ म्हणणारे भेटतील. त्यांना म्हणू द्या.


शनिवारची_सून (पुणे):

मी ॲडव्हेंटिस्ट घरातली, सासर सीएनआय. माझा शब्बाथ (विसाव्याचा पवित्र दिवस) शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत, म्हणजे सासरच्या सगळ्या साखरपुड्यांची आणि वाढदिवसांची नेमकी वेळ. डुकराचं मटण मी खात नाही, ते वेगळंच.

पहिली दोन वर्षं रोज टोमणे. मग सासऱ्यांनी एके दिवशी कॅलेंडर काढलं, कालनिर्णयमध्ये सूर्यास्त बघितला आणि स्वतःची साठी शनिवारी रात्री आठला ठेवली. कुणाचं मत बदललं नाही. सासरे अजूनही मला म्हणतात की तुम्ही लोक जुन्या करारात अडकलात. पण जेवण आठला असतं.

तुमच्या भावाला नाताळ जगिक वाटतो तर २५ ला बोलावूच नका. २६ किंवा २७ ला नुसतं जेवायला बोलवा. नाताळ नाही, सुट्टी आहे, भावंडं जमली, बस.


नगरकरीण (पुणे):

सगळ्यांचे आभार. सावकाश उत्तर देतेय कारण मध्ये नगरला जाऊन आले.

विश्वासी_बहीण, तुमचं वाचून मी दोन दिवस चिडले होते. मग गाडीत बसताना भावाला फोन केला आणि दारूचंच आधी बोलले. त्याच्या लग्नानंतरची ती तीन-चार वर्षं मला आठवतात, पप्पा त्याला शोधायला स्कूटर घेऊन स्टँडवर जायचे ते. म्हटलं, हे तुझ्या सभेने केलं, आम्हाला कुणालाच जमलं नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "पप्पांनी एकदा तरी तिथे यायला पाहिजे होतं." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरकडे मीच नेलं. जेवणाआधीची साखर दोनशे ऐंशी. डॉक्टर आईवर ओरडले, भाऊ शेजारी उभा होता, त्याने मान खाली घातली. हिज्कीयाचं अंजीर मी नाही काढलं, गरजच पडली नाही. संध्याकाळी गोळी त्यानेच हातात दिली. त्याच्या सभेत याचं काय होईल माहीत नाही. भावजयीचा चेहरा सांगत होता की हे तिला मान्य नाही.

बाप्तिस्म्याचं: विश्वासी बहिणीने सांगितलं तसंच भावाला विचारलं, तिच्याच शब्दांत. मग आम्ही दोघं आईसमोर बसलो, भावजय आणि मुलं बाजारात गेली होती. आईला म्हटलं, आता तू सांग, मला एक आणि त्याला एक असं नको. आईने आधी चहा मागितला. मग भावाला म्हणाली, "तू देवाचा झालास यासाठी मी रात्री-रात्री देवाकडे रडलेय. ते माझ्या जुन्या बाप्तिस्म्यावरच रडलेय. ते देवाने ऐकलं ना?" आणि वर, "आणि डिसेंबरच्या थंडीत मी धरणात उतरणार नाही, ते वेगळं." भावालाही हसू आलं. पण त्याने नाही म्हटलेलं नाही. "उन्हाळ्यात बघू" म्हणाला, म्हणजे विषय संपलेला नाही.

दफनाचा कागद झाला नाही. विषय काढला तर आई म्हणाली, "आत्ता साखर कमी करताय का मला पोचवताय?" पुढच्या खेपेला.

सासूबाई येणार नाहीत. भावाने फोन करून माफी मागावी असं मला वाटत होतं, तो म्हणतो बोललो ते खरंच बोललो, फक्त वेळ चुकली. तेवढं तरी त्यांना सांग म्हटलं. बघू. शनिवारची_सून, २७ चं जेवण पुण्याला ठेवलंय, आमच्या घरी, म्हणजे काकांच्या नियमाने प्रार्थना आमची.

राहिलं एटीएम कार्ड. ते मागायला तोंड उघडत नाही. एका खेपेत सगळंच काढून घेतल्यासारखं होईल.


निवृत्त_पाळक (नाशिक):

आज मागू नका. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी आईंना बँकेत नेता येईल. त्या वेळी तुम्ही बरोबर जा. पासबुक भरून घ्या, आणि खात्याला आईंचा मोबाइल नंबर जोडलेला आहे का ते बघा, म्हणजे पैसे निघाले की मेसेज त्यांच्याच फोनवर येईल. कार्ड भावाकडे राहिलं तरी चालेल. पासबुक आईंच्या कपाटात राहू द्या, आणि दशांश किती द्यायचा तो आकडा त्यांनी स्वतः भावाला सांगावा.

कागदाचं पुढच्या खेपेला नक्की. चहा आधी द्या.